बंद केलेल्या १६०० वर आलेला फोन

वडील दौंडला रेल्वेत होते. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, भूतबाधा असलं काही त्यांनी कधी घरात शिरू दिलं नाही. मीही तशीच वाढले. म्हणून हे लिहिताना अजून संकोच वाटतो...

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. कारेगावला शेतीपंपांचे स्टार्टर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घ्यायचे. तेव्हा टोल-फ्रीचं १६०० जाऊन १८०० येत होतं. आमच्याकडे दोन्ही नंबर होते, शिवाय एक १८६०. कुठला ठेवायचा, ते साहेबांनी मला बघायला सांगितलं. १८६० ला पैसे पडतात कळलं की लोक फोन ठेवून द्यायचे. १६०० जुन्या स्टार्टरच्या डब्यांवर छापलेला, पण मोबाईलवरून लागायचा नाही. १८०० कुठूनही लागायचा. मीच म्हटलं, १६०० बंद करा. लाईन तोडली. फोन मात्र टेबलावरच राहिला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी तो वाजला.

"ताई, केंदूरवरनं आप्पा बोलतुय, वढ्याकडच्या वस्तीवरनं. सून मोटार चालू कराया निघालीय. डब्यात करंट उतारलाय. तिला थांबवा."

"आप्पा, तुम्हीच हाक मारा ना तिला—"

"माझी हाक न्हाई जात, ताई."

एवढंच. फोन बंद.

विचार करत बसले नाही. केंदूरच्या आमच्या डीलरला, बबनरावांना, मोबाईल लावला. ते गाडी काढून वस्तीवर गेले. मी टेबलापाशी नुसती उभी होते.

बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला.

"वाचली, ताई. वल्या हातानं बटण दाबणारच व्हती. टेस्टर लावला तर आख्खा डबा जिता. पर तुमाला सांगितलं कुणी?"

"तिच्या सासऱ्यांनी. आप्पांनी."

ते हळूच म्हणाले, "आप्पांना लकवा मारलाय. तीन-चार वर्षं झाली, तोंडातनं शब्द न्हाई. आन् त्या घरात फोन बी न्हाई."

रविवारी मी केंदूरला गेले. आप्पा ओट्यावर बाजेवर पडलेले. तिथून विहीर समोर दिसत होती.

"आप्पा, मी कंपनीतली. तुम्ही फोन केला होता का?"

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग धड असलेला हात पुढे करून माझं मनगट धरलं. घट्ट. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण ओठ हलले नाहीत.

टेलिफोनच्या लाईनमनने नंतर १६०० च्या फोनची वायर तपासली. तिचं टोक भिंतीपाशी तुटलेलंच होतं. तो म्हणाला, फोन वाजणं शक्यच नाही. मला आजही त्याचं म्हणणं खोडता येत नाही, आणि ऐकलं ते विसरताही येत नाही.

त्या रविवारी केंदूरहून निघताना सून, संगीता, रस्त्यापर्यंत सोडायला आली. ती लग्न होऊन आली तेव्हाच आप्पा अंथरुणाला खिळलेले होते. एसटी दिसली तसं तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं,

"ताई... आप्पांचा आवाज कसा हाय वो?"