फुगलेल्या पेशींचे नाव

आमच्या साडूंइतका नावांसाठी भांडणारा मनुष्य यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. उभी हयात कोर्टात काढल्यामुळे हे विधान मी जबाबदारीने करतो. साडू निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. कीटकनाशकाच्या चाचणीत उंदराच्या यकृतात जे दिसते, त्याला प्रत्येक प्रयोगशाळेने एकच नाव द्यावे, हा त्यांचा ध्यास. एकाच खुणेला कोणी ‘सूज’ म्हणतो, कोणी ‘बदल’, कोणी ‘बिघाड’, आणि या गोंधळातून विष सहीसलामत सुटते, असे ते पंगतीत बसूनही सांगत. मटणाच्या दुकानात तर ते कलेजी तळहातावर घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचा रंग विचारीत. एकदा तिघांनी तीन रंग सांगितले, तेव्हा दुकानदार चाचा सुरी खाली ठेवून म्हणाले, "डाक्टरसाब, कलेजी घेऊन राह्यले का पंचनामा करून राह्यले?" साडूंनी दोन्ही केले.

कापसावर फवारणी करून माणसे आजारी पडत होती, त्या वर्षांतली गोष्ट. मारेगावकडच्या एका फवारणी मजुराचा दावा मी औषध कंपनीविरुद्ध लढवीत होतो. त्याच्या यकृताच्या तुकड्याबद्दल एका अहवालात ‘पेशी फुगल्या’ असे होते, दुसऱ्यात ‘यकृताला इजा’. शब्द दोन, म्हणून आजार दोन, सबब एकही सिद्ध नाही, असा निर्लज्ज युक्तिवाद समोरून आला. मी संतापून मजुराला, त्या तुकड्याच्या काचपट्टीसकट, साडूंकडे नेले आणि ‘इजा’ एवढेच लिहून मागितले.

साडू सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून राहिले. "पेशी फुगलेल्या दिसतात. इजा हे अनुमान झाले. जे दिसते आणि जे वाटते, ते एका खणात ठेवू नका."

"तुमच्या या काटेकोरपणावर त्यांचा वकील पेढे वाटेल."

"वाटू दे. दोन्ही अहवाल लिहिणाऱ्यांनी एकच गोष्ट पाहिली आहे, एवढे मी लिहून देतो."

मजूर इतका वेळ दाराशी उभा होता. "साहेब, फुगलं म्हंजे बसंन का?"

"फवारणी सोडलीस तर बसेल," साडू म्हणाले. "नाही सोडलीस, तर यांचा ‘इजा’ हा शब्द खरा होईल."

"सोडली तं खाऊ काय, साहेब? मले दुसरं काई येत नाई."

साडूंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग ते त्याच्याबरोबर चालत स्टँडवर गेले, मी मागोमाग, आणि साडू मारेगावची गाडी लागेपर्यंत त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिले. गाडी निघून गेल्यावरही साडू तिथेच बसले होते, आणि मी मजुराच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो.