जनकोजींनी लावलेले गंध

जनकोजी आमच्या चेन्नईतल्या वेलचेरीच्या कंपनीत चाचणी विभागाचे प्रमुख होते. मी हिशेब खात्यात. दोघेही वेस्ट मांबलमचे, म्हणून कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसायचो. त्यांचे घराणे तंजावरचे, मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ. माझी साताऱ्याची. भांडण दोन्हींत छान जमायचे.

कंपनी सैन्यासाठी एक गाडी बनवत होती. सहा चाकांची, चालकाविना चालणारी, समोर काय आहे ते पाहून स्वतःच वाट ठरवणारी. पुढे तिच्यावर मशिनगन बसणार होती. तिचा पहिला आराखडा जनकोजींचा. तो बाजूला ठेवून काम पुण्याहून आलेल्या पुष्करला दिले, आणि जनकोजींना त्याच गाडीच्या चाचणीला बसवले. तेव्हापासून पुष्करचे नाव निघाले की ते खिडकीबाहेर पाहत. कॅन्टीनमध्ये त्याच्याभोवती पोरे जमलेली दिसली की ताक अर्धे टाकून उठत. "तंबीला हसायलाही चार माणसं लागतात," म्हणत. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

२००८ची खंडेनवमीची आयुधपूजा चेन्नईबाहेर कोवलमजवळच्या चाचणी मैदानावरच्या शेडमध्ये झाली. यंत्रांना गंध लावायचा मान वयाने मोठ्याचा. जनकोजींनी जनरेटरला, वेल्डिंग मशीनला, आमच्या बसलाही चंदन-कुंकू लावले. गाडीपाशी आले आणि हात सवयीने कपाळाच्या जागी गेला. तिथे काळी काच होती, गाडीचा लेझरचा डोळा. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, पुष्करसुद्धा. पूजेचे गंध पुसायचे कोणालाच सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी सुरू केली. वाटेत माणसांच्या जागी वाळूची पोती उभी केली होती. गाडीने त्यांना वळसा घातला, आणि मग एकदम मोहरा फिरवून सरळ आमच्या चहापाण्याच्या तंबूकडे निघाली. तंबूत स्टोअरच्या कामाक्षीबाई कॉफी ओतत होत्या. जनकोजींनी हातातले, गाडी थांबवायचे लाल बटण दाबले तेव्हा गाडी तंबूच्या दोरीला टेकली होती.

पुष्करने काच पाहिली. "सर, हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही."

"म्हणालासच की, तंबी."

जनकोजींचा मत्सर कंपनीत कोणापासून लपला नव्हता.

काच पुसली. गाडी शहाण्यासारखी चालली. साहेब म्हणाले, "झालं. पुढच्या आठवड्यात सैन्याचे अधिकारी येताहेत, तिच्यापुढून चालून बघणार आहेत. जनकोजी, पास म्हणून सही करा."

"सरहद्दीवर काच कोण पुसणार, साहेब? दिसत नसेल तर तिनं थांबायला हवं. ही थांबली नाही. मजला परत गंध लावून बघायचंय."

"जळणाऱ्याला गंधही पुरतं," मागून कोणी तरी बोलले. जनकोजींनी ऐकले. कान लाल झाले, पण वाटीतले चंदन त्यांनी तेवढेच, तिथेच लावले.

गाडी दोन पावले चालली आणि थांबली. पुष्कर हसला. "बघा सर. न दिसल्यावर थांबते."

साहेबांनी पेन पुढे केले. जनकोजींनी ते घेतले नाही. त्यांचा चेहरा पाहून माझी खात्री झाली की आता हे नुसत्या हट्टापायी नकार देणार. मी जवळ जाऊन म्हटले, "पुरे, जनकोजी. लोक हसताहेत."

"हसू देत. अजून एकदा. ह्या वेळीही थांबली तर सही करतो."

तेच गंध, तीच वाट. ह्या वेळी गाडी थांबली नाही. पोत्यांना धडकून, एक पोते फाडून ती सुरूच्या झाडांकडे निघाली. बटण पुष्करने दाबले. तो खाली बसून काचेकडे बघत राहिला. "एकदा थांबते, एकदा नाही. का, ते मला माहीत नाही," तो म्हणाला.

जनकोजींच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, तो मी पाहिला. बऱ्याच दिवसांनी माणूस पोटभर जेवावा तसा. त्यांनी नापास म्हणून सही केली. पुष्कर उठला, पेन मागितले आणि खाली आपलीही सही केली.

अधिकाऱ्यांची भेट पुढे ढकलली गेली. दोन दिवसांनी साहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितले की दिल्लीहून फोन आला होता, स्वतःच्या गाडीला स्वतः नापास करणारा तरुण तिथल्या लोकांना फार आवडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जनकोजींचे ताक अर्धेच राहिले.

संध्याकाळी बसमध्ये गिंडीपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "अनंतराव, खोट मी काढली. शाबासकी तिथंही त्यालाच."

"कामाक्षीबाई तुमचं नाव घेत होत्या."

"त्यांचा फोन दिल्लीहून आला काय?"

मग ते माझ्याकडे वळले. "उद्या काचेवर चिखल लावतो. आणि खोट निघाली की साहेबांकडे आधी मी जातो. तंबी पार्किंगमधून वर येईतो माझं सांगून झालेलं असेल."