अण्णांचा चौथा क्लॅम्प

अण्णा लिमये यांच्या मांडवीच्या घरी मी पहिल्यांदा गेले, ती उकललेला पाट काखेत घेऊन. अण्णा गणिताचे निवृत्त शिक्षक, हौसेने सुतारकाम करतात, एवढंच ऐकून होते.

पाट फणसाच्या दोन फळ्यांचा, आजेसासऱ्यांच्या वेळचा. नागपंचमीच्या आत तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात पोचवायचा असतो. आमची मूर्ती त्याच पाटावर घडते. आठ दिवस उरले होते आणि सुतार म्हणाला होता, "चुलीत घाला, नवा घ्या." ज्यावर इतकी वर्षं देव बसला, तो पाट चुलीत कसा घालायचा?

अण्णांनी पाट उलटसुलट पाहिला. "वहिनी, मी सांधून देईन. पण तुम्हीच शिकलात तर?"

मी दहावी पास बाई, रंध्याला कधी हात लावला नव्हता. तरी तीन दुपारी त्यांच्या पडवीत बसून फळ्यांच्या कडा साफ केल्या. चुकलं तरी अण्णांचा आवाज कधी चढला नाही. मग विषय निघाला क्लॅम्पचा, म्हणजे गोंद सुकेपर्यंत फळ्या दाबून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यांचा. मोबाइलवर एकेका सुताराची भिंत क्लॅम्पनी भरलेली मी पाहिली होती. मी विचारलं, "किती घ्यावे लागतील?"

"घेऊ नका. माझे तीन न्या. दोन खालून, एक वरून, म्हणजे पाट वाकायचा नाही."

मी नेले. पण देवाचं काम, कच्चं राहायला नको म्हणून एका दुकानातून आणखी पाच मागून आणले आणि हात दुखेपर्यंत आवळले. दुसऱ्या दिवशी सोडले, तर दोन हातांत दोन फळ्या! नागपंचमी चार दिवसांवर. रडतच मांडवी गाठली.

"गोंद सगळा पिळून बाहेर काढलात. आत काय उरणार?" अण्णा म्हणाले. "भक्ती जरा जास्त झाली, वहिनी."

"तिला चिडवताय काय, आधी चहा घेऊ दे," अण्णांच्या पत्नी, काकू, आतून म्हणाल्या.

तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. अण्णांचा स्वतःचा, नुकताच गोंद लावलेला चौरंग सुंभाने बांधून, काठीने पीळ देऊन ठेवलेला होता.

"हे असं का?"

काकूच बोलल्या, "तीन तुझ्याकडे, चौथा शेजारी. लोकांकडे वाटीभर साखर मागायला येतात, आमच्याकडे लोखंड!"

मी ओशाळले. अण्णा शांतपणे म्हणाले, "हौशी माणसाला चार पुरेत. तीन कामाला, चौथा मागायला येणाऱ्याला. यंदा देवाचं काम आलं, म्हणून तिन्ही गेले. चौरंगाला सुंभ चालतो."

त्या दुपारी ते भर पावसात आमच्याकडे आले. मी नव्याने गोंद लावून त्यांचे तीनच क्लॅम्प आवळू लागले. कडेला गोंदाचे बारीक थेंब दिसताच त्यांनी माझा हात थांबवला. "बस." दमट हवा म्हणून दोन दिवस पाटाला हात लावू दिला नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाट शाळेत पोचला. आज सहा वर्षं झाली, देव त्याच पाटावर बसतो आहे.

अण्णांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताला अशीच ताकद आणि डोळ्यांना अशीच नजर राहो, काकूंचा चहा आणि टोमणे त्यांना शंभरीपर्यंत मिळोत, हे मागणं मी त्या पाटावरच्या देवाकडेच मागितलं आहे.

आता माझे स्वतःचे तीन क्लॅम्प आहेत. अण्णांच्या वाढदिवसानिमित्त चौथा घेतला. तो त्यांना भेट देणार नाही. आमच्या पडवीत, मागायला येणाऱ्याला दारातूनच दिसेल अशा खुंटीला टांगला आहे.