ब्रेकचा दिवा आणि बायकोची खाज

बोंडअळीनं बीटी कापूस फस्त केला त्या साली माझ्या थोरल्या भावाच्या हाती जो उरला, तो त्यानं विकला नाही. भाव पडलेले. नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावी त्यानं आधी समोरची खोली भरली, मग पडवी. मी बुलढाण्याला शाळेत मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो, तर त्यानं माझी नवीनच घेतलेली जुनी गाडी पडवीत, कापसाच्या ढिगाला खेटून उभी करायला लावली.

"बाहेर उन्हानं रंग जाते बे तिचा," म्हणाला.

सुट्टी संपवून परत निघालो. मोताळ्याच्या गतिरोधकाजवळ हळूच ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली थरथरलं आणि समोर पिवळा दिवा लागला. बायको मागं बसली होती. पुढं बसून घाट दिसला की तिचा जीव घाबरतो. ती पाठ खाजवत म्हणाली, "अहो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

घरी पोचल्यावर भावाला फोन केला.

"दिवा काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"ब्रेकमध्ये बिघाड आहे म्हणतो."

"अन् ब्रेक लागते ना?"

"लागतो."

"मंग दिवा खोटं बोलते. बियाण्याच्या पाकिटावर नव्हतं का लिवलं, अळी येत नाही म्हणून? अळीले कुठी वाचता येते!"

महिनाभर मी दिव्याकडं पाहायचं टाळलं. बायकोची खाज मात्र टाळण्यासारखी नव्हती. कधी मान, कधी दंड. साबण बदलला. डॉक्टर म्हणाले, घामोळं. त्यांनी दिलेलं गुलाबी औषध लावून ती गाडीत बसायची आणि उतरताना आणखी खाजवायची.

शेवटी गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं मशीन जोडून निदान केलं, "सर, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. चाक किती फिरून राह्यलं, ते हा सांगते. हा मधातच गप्प झाला की गाडीले वाटते चाक जाम झालं. मंग थे ब्रेक सोडते, धरते, सोडते."

त्यानं सेन्सर पुसून बसवला. दिवा विझला. मी भावाला मोठ्या तोऱ्यात कळवलं. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

या खेपेला बायकोही सोबत होती. मिस्त्रीनं मीटर लावून सेन्सर तपासला. तो धडधाकट निघाला. मग मला गाडी चालवायला लावून तो स्वतः मागच्या सीटवर बसला, चाकाच्या बाजूला कान लावून. चिखलीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आलो, तोवर त्याचा हात कॉलरमध्ये शिरला होता.

बायको बघतच राहिली. "तुम्हालाही खाजतं?"

"हाव ना भाभी. काऊन, काय समजत नाही."

"अहो, ही कापसाची खाज आहे!" ती ओरडली. ती कापूसवाल्यांच्या घरची; साठवलेल्या कापसानं अंग कसं खाजतं, ते तिला ठाऊक. "सीट उचला!"

मिस्त्री म्हणाला, "सेन्सरची वायरबी तिथूनच जाते," आणि त्यानं सीट उपटली.

खाली उंदरानं संसार मांडला होता. भावाच्या पडवीतून ओढून आणलेला कापूस त्यानं व्यवस्थित पिंजून, गादी करून अंथरला होता आणि उशाशी आलेली वायर कुरतडून तारेपर्यंत सोलली होती. गाडी हलली की तारा कधी जुळायच्या, कधी सुटायच्या. घरमालक पसार होता. इतके दिवस बायको त्याच्या गादीवर बसून प्रवास करत होती, हे कळल्यावर ती चालतच घरी गेली.

मिस्त्रीनं नवी वायर जोडली. आम्ही सीट झाडली, धुतली, उन्हात घातली. दिवा गेला, आठवड्यात खाजही गेली. डॉक्टरांना आम्ही काही सांगितलं नाही.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"कापूस फेकला तर नाही ना?"

"पिशवीत आहे. का?"

"आणून दे. यंदा बोंडाबोंडातून निवडून वेचला हाय थो."

पुढच्या रविवारी मी पिशवी नेऊन दिली. त्यानं हात घालून कापूस पाहिला, त्यातला काडीकचरा काढला आणि बाकीचा ढिगावर टाकला. मग माझ्या गाडीकडं बोट दाखवून म्हणाला, "आता थे तिकडं लिंबाखाली लाव."