लाइट जाण्याची वाट पाहणारा माणूस

वीज कचेरीत तक्रारीच्या फोनवर बसून मी शिव्या खायचो. अख्खं बऱ्हाणपूर विचारायचं, लाइट कधी येणार? एक काका मात्र उलटं विचारायचे, "भाऊ, आज जाणार कधी?"

दिवसभर ते केळीच्या ट्रका भरून देत. गच्चीवर त्यांनी स्वतः बनवलेली दुर्बीण होती आणि तिच्या मागे सायबर कॅफेतला जुना वेबकॅम, आतली काच काढून बसवलेला. त्यातून ते तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगांचे, फोटो घेत. एकाच पुसट ढगाचे शेकडो फोटो एकावर एक चढवले की कुठे तो जरासा उमटतो. त्यासाठी गल्लीत अंधार हवा; लॅपटॉप बॅटरीवर चालायचा. फोटो दाखवायला ते मुद्दाम कचेरीत येत. मला तो पाटीवरचा पुसलेला खडू वाटे, पण मी "बढिया" म्हणायचो आणि ते खूश होत.

एकदा मे महिन्यात त्यांच्या गल्लीतला फ्यूज उडाला. आभाळ स्वच्छ, चंद्र नाही. म्हटलं, आज काकांची दिवाळी. तर त्यांचाच फोन.

"भाऊ, माणूस पाठवा, जल्दी. शेजारी ओली बाळंतीण आहे, लेकरू गरमीनं लाल झालंय."

तासाभरात लाइट आली.

पुढं ते त्या रात्रीचा फोटो घेऊन आले. त्यात नेहमीपेक्षाही कमी दिसत होतं.

"काका, हा तर अर्धवटच राहिला."

"राहू द्या ना, तो ढग कुठं पळतोय?" फोटो खिशात ठेवत ते हसले. "आणि तुमची लाइट तर जाईलच!"