मुद्देमालातला आवाज

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. एका जुन्या मोबाइलचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की दिवसभर कशात मन लागत नाही.

मी तेव्हा शहापूर पोलीस ठाण्यात होतो. पत्नी जाऊन वर्ष झालं होतं, घरी वेळेवर जायला काही कारण उरलं नव्हतं. एका सकाळी कसाऱ्याचे रेल्वेतले एक निवृत्त गँगमन तक्रार द्यायला आले. एसटी स्टँडवर पिशवीतून फोन गेला होता. जुना फोन, त्याला लॉकसुद्धा नाही. अंमलदाराने किंमत विचारली तर बाबा म्हणाले, "किंमत नाय सांगता येत. मंडळी हाय त्यात."

त्यांची बायको दवाखान्यात वारली होती. लिहिता येत नसल्याने ती तिथून आवाज भरून पाठवायची. तेवढंच मागे राहिलं होतं, आणि ते फक्त त्या फोनमध्ये होतं.

फोनचा खोका बाबांनी गोळ्या ठेवायला वापरला होता, म्हणून वाचला. त्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक होता. गुन्हा नोंदवून तो क्रमांक चोरीच्या फोनच्या सरकारी पोर्टलवर टाकला. दुसरं सिम पडलं की आम्हाला कळतं. चोरीचा फोन विकण्याआधी बहुतेक पुसतात, हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही. ते आठवड्यातून दोनदा यायचे, बाकावर बसायचे आणि माझी मान नकारार्थी हलली की उठून जायचे.

दीड महिन्याने माहिती आली. फोन मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या एका शेतकऱ्याकडे सुरू होता. हवालदाराला घेऊन मी गेलो. साठीचा माणूस, अंगणात भाताची पोती शिवत बसलेला.

"हा फोन कुणाचा?" मी दरडावलं. माझा आवाज तेव्हा उगाचच चढायचा.

"माझाच. धसईच्या बाजारात घेतलाय. पावती हाय."

प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने वहीचा कागद काढला. म्हशाच्या जत्रेत बैल घेताना लिहून घेतात, तशी पावती! रंग काळा, डाव्या कोपऱ्याला चीर, पाठीवर ओरखडा, खोड नाही. खाली विकणाऱ्याची सही आणि साक्षीला बाजारातल्या चहावाल्याची. हवालदार तोंड फिरवून हसला.

"सगळं लिहिलंत, नंबर कुठाय?"

"बैलाला कसला नंबर, सायेब?"

"आता बैलाच्या कानात बिल्ला असतो की नाही? तसा फोनलाही असतो." मी त्याच्यासमोर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. पडद्यावर पंधरा आकडे आले. एकेक आकडा तक्रारीतल्या आकड्याशी लावून पाहिला. शेवटचाही जुळला तसा त्याचा चेहरा उतरला.

"मंग आमी चोर झालो का?"

मला आधी दुसरंच विचारायचं होतं. "आतलं पुसलंत?"

"नाय. पोर बोलली, जुनं काढून टाक, जागा होईल. काढायला गेलो नि बाय बोलली आतून. कोनाची तरी घरधनीन. हात नाय झाला."

"मग ठाण्यात का नाही आलात?"

"भ्यालो."

त्याच्यावर ओरडलो होतो याची मला लाज वाटली. त्याचा जबाब घेतला, पंचनामा केला. सहीतलं नाव खोटं निघालं, पण चहावाला विकणाऱ्याला चांगला ओळखत होता. विकणारा दोन दिवस उडवाउडवी करत राहिला. शेवटी पावती समोर ठेवून चहावाल्याला उभं केलं, तेव्हा त्याने स्टँडवरच्या चोराचं नाव सांगितलं. नुसत्या बिलाने जमलं नसतं, ते त्या बैलाच्या पावतीने जमलं.

फोन मुद्देमालात सीलबंद झाला. बाबा म्हणाले, "एकदाच ऐकवा, सायेब." न्यायालयाच्या आदेशाशिवाय सील तोडता येत नव्हतं. मी नाही म्हणालो.

"बरं. आत हाय ना पन ती?"

"आहे."

त्या दिवसापासून ते बाक सोडून मुद्देमाल खोलीच्या दाराशी बसायला लागले. त्यांना तिथून उठवायचं कुणाला सुचलं नाही.

आदेश आला. ताबा पावतीवर सही करून बाबांनी तिथेच फोनमधला तिचा आवाज लावला. दमलेला, बारीक आवाज आला. "जेवलात का तुमी? कोंबड्या झाकल्या का? ओट्यावर बसू नका, गार वारं हाय." बाबा फोनला म्हणाले, "झाकल्या गो, झाकल्या." मी टोपी उचलून बाहेर गेलो.

आता शेजारपाजारचे लोक जुना फोन घेताना माझ्याकडे आणतात. मी बिल मागतो, आकडे तपासतो, विकणाऱ्याचं ओळखपत्र बघतो आणि वैशाखऱ्याच्या त्या माणसासारखी पावती लिहून घ्या म्हणतो, फक्त नंबर घालून. घेताना काय तपासायचं ते मला पाठ आहे. देताना काय तपासायचं ते मला त्या प्रकरणाने शिकवलं, पण उशिरा.

कारण त्याच्या वर्षभर आधी पत्नीचा फोन मी पुतणीला देऊन टाकला होता. बिल, खोका, नंबर, सगळं चोख. ठाण्यात असताना तिचा फोन आला की "कामात आहे" म्हणून मी ठेवायचो, मग ती आवाज भरून पाठवायची. ते मी कधी पूर्ण ऐकले नाहीत, आणि माझ्या फोनमध्ये कधीच ठेवले नाहीत. तिच्या फोनमध्ये होते. देण्याआधी फोनने दोनदा विचारलं, सगळं पुसायचं का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं.