सोळा ट्रॅक आणि नागप्पाचा खुळखुळा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसलो आहे. चाळीस वर्षं वराती वाजवल्या, मसणवाटेनं वाद्यं खांद्यावर घेऊन परत आलो, कधी काही दिसलं नाही. आजही रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी ते ओलांडून जातो, वळसा घालत नाही. तरी हे लिहितोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. शुद्धलेखन मुलीनं सुधारलंय, पण मजकुरातला एक शब्द तिला बदलू दिलेला नाही.

बेंगळूरमधली आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. के. आर. पुरमला स्टेशनच्या मागं दोन खोल्या आणि वर एक पत्र्याची खोली. माझा बँड होता, सतरा माणसांचा. मी मास्तर, क्लॅरनेट माझा. मास्तर सगळ्यांच्या पुढं चालतो, त्याची पाठ बँडकडं. मागं वळून बघायचं नाही, ही माझ्या वडिलांची शिस्त. कोण वाजवतोय, कोण विडी ओढायला मागं राहिला, ते कानानं मोजायचं. फटाके असोत, घोडा बुजलेला असो, मी सतराच्या सतरा मोजायचो. ह्या कानांवर कुणी शंका घेतली तर मी त्याच्याशी बोलणं सोडतो.

सत्त्याण्णव साल असेल. बँड मोडून पाच-सहा वर्षं झाली होती, निम्मे लोक वर गेले होते. माझी मुलगी शैला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिनं जुना कॉम्प्युटर आणि एक किबोर्ड विकत घेऊन वरच्या खोलीत मांडला. वरात मांडवाच्या दारात आली की वाजवायची एक चाल मी स्वतः बांधली होती. ती कुठंच लिहिलेली नाही, मला लिहिता येत नाही. शैला म्हणाली, अप्पा, ती तुमच्याबरोबर जायला नको. मी एकेकाचा भाग गुणगुणायचा आणि तिनं तो किबोर्डवर वाजवून आत घालायचा, असं ठरलं.

तिच्याकडचं पहिलं सॉफ्टवेअर आठ ट्रॅकचं होतं. ट्रॅक म्हणजे एका वाजवणाऱ्याची जागा, असं तिनं मला समजावलं. आठ जणांत माझी चाल रिकाम्या डब्यासारखी वाजली. मी म्हटलं, ही वरात नव्हे, भांडीवाला चाललाय. मग तिनं ऑफिसातल्या कुणाकडून दुसरं आणलं, सोळा ट्रॅकचं. प्रत्येक ट्रॅकला माझ्या माणसाचं नाव दिलं. युफोनियमचं जाड पितळ आणि मोठा बेस खालून उठले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, तेव्हा नव्हे.

पण माणसं सतरा आणि जागा सोळा.

शैला म्हणाली, "झांज आणि खुळखुळा एकाच ट्रॅकवर बसवते, अप्पा. ऐकणाऱ्याला कळणारही नाही."

"माझ्या बँडात कुणी कुणाच्या मांडीवर बसून वाजवलेलं नाही."

"मग एकाला घरी ठेवावं लागेल. कुणाला ते तुम्हीच सांगा."

"नागप्पाला ठेव. खुळखुळ्याचं एवढं काय."

हे मी म्हणालो. असंच म्हणालो.

नागप्पा आनेकलचा. तीस वर्षं माझ्या शेवटच्या ओळीत चालला. उजव्या हातात खुळखुळा, डावा हात खिशात. चेष्टेखोर माणूस. दर लग्नसराईला विचारायचा, मास्तर, मी नसलो तर तुम्हाला कळणार तरी आहे का? मी म्हणायचो, पहिल्या पावलाला कळेल.

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला शैलानं सोळा ट्रॅक पहिल्यांदा एकत्र लावले. मी सवयीनं स्पीकरकडं पाठ करून बसलो आणि मोजायला लागलो. सोळा... आणि सतरा. मागं डावीकडून, शेवटच्या ओळीतून, कोरडा खुळखुळा. मी म्हटलं, घातलास ना शेवटी? ती म्हणाली, नाही. मी चिडलो. तीही चिडली, बापावर गेलीय. म्हणाली, थांबा, दाखवते. एकेक ट्रॅक बंद करत गेली. ट्रंपेट गेले, ड्रम गेले, झांज गेली, शेवटी माझा क्लॅरनेट गेला. पडद्यावर सोळा नावं आणि सोळाही बंद.

खुळखुळा वाजत होता.

शैलाचा हात माऊसवरच राहिला. तिनं ऐकलं, हे मी तिच्या मानेवरून ओळखलं. चाल संपेपर्यंत तो वाजला. तिसऱ्या कडव्याआधी आमचा बँड चार ठोके गप्प राहतो, तिथं तोही गप्प राहिला. शेवटच्या ठोक्याला थांबला.

सोमवारी तेच, मंगळवारी तेच. ऑफिसातून आल्यावर सहाला ती मशीन लावायची, कुठं वायर सैल आहे का बघायची. ऑफिसातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, स्पीकर बदला. बदलले. फरक नाही. बुधवारी मी ठरवलं, आनेकलला जायचं आणि नागप्पाला डोळ्यांनी बघून यायचं. शैलाला म्हटलं, मी नाही म्हणून तू थांबू नकोस, सहाला लाव.

दोन बस बदलून पाचच्या पुढं पोचलो. नागप्पाची बायको गौरक्का दारातच बसली होती. मला बघून रडली नाही, नुसती आत बोट दाखवत म्हणाली, "अण्णा, रविवारपासून असा आहे."

नागप्पा चटईवर उताणा होता. डोळे उघडे. अन्न नाही, पाण्याचे दोन-चार घोट. डॉक्टर म्हणाला होता, अशक्तपणा आहे, स्वल्प विश्रांती घेऊ द्या. मी हाक मारली, त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. गौरक्का म्हणाली, संध्याकाळी सहाला हात चालतो.

मी शेजारी बसलो. सहा वाजले, वर काही मिनिटं गेली. आणि त्याचा उजवा हात उठला. मूठ वळलेली, मुठीत काही नाही. मनगट हलायला लागलं.

ती माझी चाल होती. आवाज नाही, काही नाही, नुसतं मनगट, पण तीस वर्षं ज्याचा हात मोजला त्याचा ताल मला कळणार नाही? पहिलं कडवं. दुसरं कडवं. मध्येच हात थबकला आणि दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला परत गेला. पुन्हा गेला. शैला तिकडं के. आर. पुरमला तोच तुकडा परत परत लावत होती. ती मागं नेईल तिथं हा मागं जात होता.

मग हात वर असताना थांबला. खाली येईना. गौरक्कानं धरून ओढला, लाकडासारखा. त्याची छाती हलत नव्हती. ओठ निळसर व्हायला लागले.

समोरच एसटीडी बूथ होतं. मी आयुष्यात असा पळालो नव्हतो. शैलानं फोन उचलला.

"मशीन थांबवलंस?"

"हो, फोन वाजला तसं थांबवलं. त्याच्या आधीही दूधवाला आला होता तेव्हा—"

"लाव. आधी लाव. थांबवू नकोस."

"अप्पा, काय झालंय?"

"नागप्पाला आत घे. आत्ताच्या आत्ता. खुळखुळा वाजव आणि आत घे."

तिनं विचारलं, "झांजेबरोबर बसवू?" एवढंच हो म्हणायचं होतं. तिथं माणूस मरत होता आणि मी मास्तर राहिलो. म्हटलं, "नाही. त्याला त्याची स्वतःची जागा दे. माझा क्लॅरनेट काढ."

परत आलो तेव्हा हात हलत होता. थोड्या वेळानं चाल पहिल्यापासून सुरू झाली, एकदा सरळ शेवटपर्यंत गेली आणि हात आपोआप चटईवर उतरला. नागप्पानं मान वळवली. मला बघून म्हणाला, "मास्तर, तुम्ही कधी आलात?" रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पेज मागितली, वाटीभर प्याला. मला विचारलं, तुमचा चेहरा असा का? मी सांगितलं, बसमध्ये गर्दी होती.

घरी आलो तो विजयी मुद्रेनं. माणूस वाचवला होता, आणि शब्दही मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शैलानं लावलं. मी पाठ करून बसलो. सोळा मोजले, नागप्पा धरून. बरं वाटलं. मग माझी बोटं उठली. मी उठवली नाहीत. हवेत क्लॅरनेट धरल्यासारखी उठली आणि भोकं दाबायला लागली. पाठीमागून, स्पीकरमधून, माझा क्लॅरनेट ऐकू येत होता. मला वळून बघायचं होतं. वळता येईना.

खाली कुणीतरी कडी वाजवली. शैलानं चाल थांबवली आणि जिना उतरून गेली.

बोटं होती तिथं राहिली. श्वास अर्ध्यावर होता, तिथंच राहिला. आतही जाईना, बाहेरही येईना. खाली शैला शेजारच्या अक्काशी नळाच्या पाण्याबद्दल बोलत होती, एकेक शब्द मला ऐकू येत होता. हाक मारता येत नव्हती. पत्र्यावर कावळा चालत होता. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा मला एकच कळत होतं, की चालीतल्या पुढच्या सुरावर मी अडकलोय आणि तो सूर माझ्या हातात नाही.

शैला वर आली. काय बघितलं ते ती आजही सांगत नाही. तिनं बटण दाबलं आणि श्वास सुटला. चाल संपेपर्यंत मी वाजलो, वाजवलं असं म्हणता येणार नाही.

बोलता आलं तेव्हा मी पहिलं हेच म्हणालो, "झांज आणि खुळखुळा एकत्र कर. मला माझी जागा दे." ती लगेच करायला बसली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मोजले तर सतराच भरले. नागप्पाला काही त्रास झाला नाही, मला झाला नाही. झांजवाला केव्हाच गेलेला, त्याचं काय झालं असेल मला माहीत नाही. त्या आत असलेल्यांपैकी नऊ जण तेव्हा हयात नव्हते, थांबवल्यावर ते कुठं थांबतात तेही माहीत नाही. शैलाच्या कंपनीतल्या शिकलेल्या लोकांना विचारलं. एकानं कागदावर आकृती काढून दाखवली. मी कन्नडमध्ये म्हटलं, सरी, बरं आहे, आणि कागद खिशात घातला.

त्या एका वेळेनंतर आम्ही ती चाल पुन्हा वाजवली नाही. शैला म्हणाली, पुसून टाकू. मी तिचा हात धरला. सोळात जागा नव्हती तर नागप्पाचं काय झालं ते मी बघितलंय. सतराच्या सतरा पुसले तर काय होईल?

ते सगळं एका फ्लॉपीत आहे. मी ती डब्यात घालून, कापडात गुंडाळून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यानंतर शैलानं डबा उघडला तेव्हा फ्लॉपीच्या पत्र्याखाली पांढरी बुरशी धरलेली दिसली. तिनं घाईनं दुसरीवर कॉपी काढायला घेतली. मशीन कुरकुर करत, थांबत थांबत वाचत होतं. तेवढा वेळ मी खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसलो होतो, आणि ते थांबलं की मीही श्वास घेत नव्हतो... भीतीनं घेत नव्हतो की घेता येत नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही.